मुरलेलं पान: नव्या सिगारसाठी वर्षभर वाट का पाहतात?

माझा मावसभाऊ दुबईत नोकरीला आहे. घर इथे कोल्हापुरात, शाहूपुरीत. फेब्रुवारी उजाडला की त्याचं निम्मं लक्ष क्युबाकडे लागलेलं असतं. तिथल्या हवाना शहरात १९९९ पासून सिगारचा मोठा मेळा भरतो, कोविडची वर्षं सोडली तर बहुतेक दरसाल. जुन्या, नावाजलेल्या घराण्यांचे नवे सिगार तिथे पहिल्यांदा दाखवले जातात. यंदा त्याच्या आवडत्या नावाचा एक सिगार असाच दाखवून झाला. आकार ठरलेला, कागदी पट्टी छापलेली, लाकडी डबाही तयार. दुकानात मात्र अजून त्याचा पत्ता नाही. सुट्टीला आला तेव्हा हे सगळं तो माझ्या आईला सांगत बसला होता. आईनं सरळ विचारलं, "तयार हाय म्हणतोस, मग इकायला का ठेवंनात?"

तो म्हणाला, "मावशी, अजून मुरायचाय."

आईनं मान डोलावली. लोणचं घालणाऱ्या बाईला मुरणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण मी विचारात पडलो. पान किती मुरतं, कुठे मुरतं, आणि मुरण्याच्या नावाखाली विकणारा नुसती वाट पाहायला लावतो असं किती वेळा होतं? थोडं वाचलं, थोडं मामाला विचारलं. तेच इथे सांगतो.

मी स्वतः तंबाखू ओढत नाही, खात नाही. पण ती माझ्या घरात आहे, आजोळाकडून. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. नकाशात कर्नाटकात, बोली आपलीच. बिडीच्या तंबाखूची ती मोठी पेठ. मामानं तिथल्या वखारीत उभी हयात काढली. मे महिन्यात आजोळी गेलो की वखारीच्या दारातच नाकात खकाणा जायचा आणि शिंकांवर शिंका सुटायच्या. याच पिकाच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. त्या आंदोलनावर गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. आजोळी तो विषय निघाला की आजही आवाज खाली येतो. तंबाखूचं पान पिकवणाऱ्याला, वाळवणाऱ्याला, चाळणाऱ्याला काय पडतं हे मला त्या घरात दिसलं, म्हणून सिगारकडेही मी पानाच्या बाजूनंच पाहतो.

सारण, बांधणी आणि वेष्टन

बिडीत तंबाखूचा चुरा असतो आणि वरचं पान तंबाखूचं नसतंच, ते तेंदूचं. सिगारेटला वरून कागद. सिगार आतून-बाहेरून तंबाखूच. हातानं वळलेल्या उंची सिगारमध्ये चुराही नसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पानं घड्या घालून निजवलेली असतात, त्यांच्यामधून धुराला वाट राहील अशा बेतानं. करंजीसारखं समजा. आत सारण. ते धरून ठेवायला एक चिवट पान, ती बांधणी. आणि सगळ्यात वर एकच देखणं, पातळ, बिनडागाचं पान, ते वेष्टन. नजरेला दिसतं ते फक्त वेष्टन, आणि ते पिकवणं सगळ्यात अवघड. क्युबात त्यासाठी शेतावर पातळ कापडाचे मांडव घालतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान रुंद, पातळ राहतं. इक्वेडोरमध्ये आभाळच ढगाळ असतं, तिथे ढग मांडवाचं काम करतात.

आपल्या भाषेत सिगारला चिरूट हा जुना शब्द आहे. तो तमिळ 'सुरुट्टु' वरून आला, अर्थ गुंडाळी. तिरुचिरापल्लीकडचे चिरूट इंग्रजांच्या काळात परदेशी जात. आणि अकबराच्या दरबारात तंबाखू पहिल्यांदा पोचवली ती असद बेग नावाच्या सरदारानं, विजापूरहून परत जाताना. म्हणजे उत्तरेच्या आधी ती आपल्या दक्खनेत रुळली होती.

आता सारणाकडे येऊ, कारण नव्या सिगारचं नवेपण बहुतेक वेळा तिथेच असतं.

तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे बसतात. त्यातून माणसाच्या उंचीचं झाड उभं राहतं, सोळा-अठरा पानांचं. एकाच झाडाची पानं पण गुण वेगवेगळे. तळाच्या पानांना ऊन कमी लागतं. ती पातळ, चवीला सौम्य, पण छान जळतात. त्यांना स्पॅनिशमध्ये व्होलादो म्हणतात. मधली पानं वासाची, ती सेको. शेंड्याकडच्या पानांवर ऊन थेट पडतं. ती जाड, तेलकट, कडक होतात. त्यांना लिगेरो म्हणतात. ती चिवट जळतात, म्हणून वळणारा त्यांना नेहमी सिगारच्या मधोमध ठेवतो.

एप्रिलात आपल्या घरी चटणीच्या मिरच्या निवडतात ते आठवा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. सिगारमध्येही हे प्रमाण ठरवणारा एक जाणकार असतो, आणि त्याची खरी परीक्षा नव्या सिगारपेक्षा जुन्यात लागते. पाऊसपाणी बदलतं तसं दरवर्षीचं पान बदलतं, पण डब्यावरचं नाव तेच असल्यानं चवही तीच यायला हवी. यंदाची मिरची फिकी निघाली तर आई लवंगी मूठभर वाढवते, अगदी तसंच.

नवा सिगार करायचा म्हणजे या जाणकारानं नवं प्रमाण बांधायचं. कधी निकाराग्वातल्या एस्तेलीचं पान, कधी डोमिनिकन रिपब्लिकचं, वर इक्वेडोरचं वेष्टन. दहा-वीस प्रकारे वळून पाहायचं. आणि इथेच पहिली अडचण येते. नुकता वळलेला सिगार पेटवून त्याची खरी चव कळत नाही. काही आठवडे, काही महिने थांबावं लागतं. एक अंदाज चुकला की तेवढे महिने गेले. चटणीचं मीठ चाखून लगेच कळतं. इथे चाखायलाच सहा महिने थांबायचं.

गंजी

आता मुरण्याची गोष्ट.

तोडलेलं हिरवं पान लगेच मरत नाही. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत आहे, त्यातला व्हुएल्ता आबाहो भाग या पानासाठी जगभर नावाजलेला. तिथे पानं दोरीत ओवून हवेशीर खोपींमध्ये टांगतात, साधारण पन्नास दिवस. त्या काळात पान हळूहळू जीव सोडतं. हिरवा रंग जातो, पिष्टाची साखर होते, पान पिवळं आणि मग तपकिरी पडतं. हे सावकाशच व्हावं लागतं. घाईनं वाळवलं तर पान हिरवं असतानाच मरतं आणि तो कच्चेपणा कायमचा राहतो. ओल जास्त झाली तर कुजतं. खोपीची दारं-खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या हे हवा बघून ठरवणारा माणूस आपल्या गुऱ्हाळावरच्या गुळव्यासारखा असतो. काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे तो उकळीच्या फेसावरून ओळखतो. हा पानाच्या शिरेवरून.

मग रचाई. कडब्याची गंजी ओली रचली तर ती आतून तापते हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. हात घातला तर चटका बसावा इतकी तापते, कधी पेटतेही. सिगारच्या पानाला हीच ऊब मुद्दाम आणतात. पानं किंचित ओलसर करून मोठमोठ्या गंज्या रचतात. स्वतःच्याच वजनानं आणि ओलीनं गंजी आतून तापू लागते, चाळीस अंशांच्या वर जाते. पोटात तापमापक खुपसलेला असतो. ठरलेल्या अंशाच्या पुढे पारा गेला की अख्खी गंजी मोडायची, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायची. या उबेत पानातली प्रथिनं तुटतात, अमोनिया बाहेर पडतो, निकोटीन थोडं उतरतं, घशाला लागणारा खरखरीतपणा जातो. अशा गंजीच्या खोलीत नवख्या माणसाचे डोळे झोंबतात. पातळ पानाला थोडा काळ पुरतो. जाड लिगेरोला जास्त लागतो, दोनदा-तीनदा रचावं लागतं.

त्यानंतरही पान थेट वळायला जात नाही. गठ्ठे बांधून ते अंधाऱ्या गोदामात ठेवतात. क्युबात काही गठ्ठे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या सोपटात बांधतात, आपण गुळाची ढेप पाल्यात ठेवावी तसे. तिथे पान वर्षानुवर्षं पडून असतं. हिशेब करा: रोप, तोडणी, खोप, गंजी, गठ्ठा. चांगल्या सिगारमधलं पान वळणाऱ्याच्या पाटावर येतं तेव्हा त्याला निदान दोन-तीन वर्षं झालेली असतात, आणि जाड पानाला त्याहून जास्त.

दोन वर्षांपूर्वी मावसभावानं असाच एक सिगार मामाला दाखवायला निपाणीला नेला होता. मामाला डॉक्टरांनी तंबाखू सोडायला लावली आहे, त्यानं तो पेटवला नाही. सिगारचं पेटवायचं उघडं टोक नाकाशी धरलं, डोळे मिटले, बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "गंजी उलटायला कटाळा केलेला न्हाई." आणि विचारलं, "कुठल्या सालचं पान हाय?"

आम्हाला सांगता आलं नाही. क्युबन डब्याच्या तळाला डबा भरल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. पान कापल्याचं साल कुठेच नसतं. मामाचा प्रश्न माझ्या मनात राहिला, कारण नव्या सिगारबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे.

वळण्यापासून दुकानापर्यंत

वळण्याचं काम बघायला मोठं देखणं, पण थोडक्यात सांगतो. समोर लाकडी पाट, हातात अर्धगोल पातं, बाजूला झाडाच्या डिंकाची वाटी. कसलेला कारागीर आकाराप्रमाणे दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळतो. हवानाच्या एका कारखान्यात १८६५ मध्ये एक सुंदर प्रथा सुरू झाली: कारागीर वळत असताना एक जण उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार कारागीर आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. क्युबात ही प्रथा आजही आहे.

वळताना पान मऊ राहावं म्हणून त्याला ओल दिलेली असते. निपाणीकडेही पहाटे दव असतानाच पान हाताळतात, नाहीतर भुगा होतो. त्या ओलीनं सिगारमध्ये पुन्हा थोडी ऊब धरते आणि अमोनियाचा वास येतो. या काळातल्या सिगारला शौकीन 'आजारी' म्हणतात. म्हणून वळलेले सिगार लाकडी कपाटांच्या खोलीत विश्रांतीला ठेवतात, ओल उतरू देतात. मग रंगाप्रमाणे निवड: एका डब्यातले सिगार गडदपासून फिकटाकडे, डावीकडून उजवीकडे लावलेले असतात. इतक्या बारीक छटा की माझ्या डोळ्याला तरी त्या सगळ्या एकच वाटल्या.

मावसभावाचा सिगार मेळ्यात दाखवला गेला आणि दुकानात आला नाही, त्यामागे हे एक कारण. दाखवायला थोडे पुरतात. जगभरच्या दुकानांना पुरेल इतके वळून, मुरवून, डब्यात भरून व्हायला आणखी महिने जातात.

'नवा' म्हणजे किती नवा?

इथे गिऱ्हाइकानं डोळे उघडे ठेवावेत असं मला वाटतं. सगळे नवे सिगार सारख्या अर्थानं नवे नसतात.

कित्येकदा पानांचं प्रमाण जुनंच असतं आणि आकार तेवढा नवा. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० नंबरचा सिगार म्हणजे ५०/६४ इंच, जवळपास २० मिलिमीटर. लांबी पाच इंच असेल तर त्याला रोबुस्तो म्हणतात. आकार बदलला की चवही थोडी बदलते हे खरं, कारण बारीक सिगारमध्ये सारणाच्या मानानं वेष्टन जास्त आणि त्याचीच चव पुढे येते. पण त्यासाठी वर्षभर डोळे लावून बसावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

काही सिगार दरसाल मोजके निघतात. क्युबाची 'एदिसिओन लिमितादा' ही मालिका २००० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी किमान दोन वर्षं मुरवलेलं पान वापरतात. पान मोजकं म्हणून सिगार मोजका, हा हिशेब निदान समजण्यासारखा आहे.

आणि क्वचित एखादा सिगार खरोखर नवं काही आणतो. २०१० मध्ये आलेला, कोहिबा या क्युबन घराण्याचा बेहिके असा होता. तंबाखूच्या झाडाच्या अगदी शेंड्याला कधीकधी दोन छोटी पानं सुटतात, मेदियो तिएम्पो नावाची. ती प्रत्येक झाडाला येतच नाहीत. बेहिकेच्या सारणात ती वापरली. आता ती पानं मनात आणलं म्हणून वाढवता येत नाहीत, त्यामुळे तो सिगार दुर्मीळ असण्याला शेतातलं कारण आहे.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सारणाचं पान उत्तम होतं, पण वेष्टनाचं पान तिथे होणं शक्य नाही असं सगळे म्हणत. फुएन्ते घराण्यानं ते करायचं ठरवलं. मांडव घातले, पीक घेतलं, मुरवलं आणि १९९५ मध्ये ओपस एक्स नावाचा सिगार आणला, आतून-बाहेरून त्याच मातीचा. तीस वर्षांनंतरही लोक त्याच्या डब्यांसाठी थांबतात. ही वाट एका शेताची आहे, आणि ती मला समजते.

या सगळ्यामागे एक राजकारणही आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेनं क्युबाशी व्यापार बंद केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी हुकमावर सही करण्याआधी आपल्या प्रसिद्धी सचिवाला आवडते क्युबन सिगार गोळा करायला लावले, आणि त्यानं रातोरात १,२०० आणले, असं पिएर सॅलिंजर या त्या सचिवानंच पुढे सांगितलं. त्याआधीच क्युबातले कारखाने सरकारनं ताब्यात घेतले होते आणि कितीतरी तंबाखूवाली कुटुंबं देश सोडून गेली होती. त्यांनी निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नव्यानं पान लावलं. आज नव्या सिगारांचा जो पूर येतो, त्यातला मोठा भाग या देशांतला आहे.

घाई केली की काय होतं

न मुरलेलं पान बाजारात आलं की काय होतं, याचा धडा १९९० च्या दशकात मिळाला. अमेरिकेत १९९२ मध्ये सिगारवर वाहिलेलं एक गुळगुळीत मासिक निघालं, नट आणि खेळाडू सिगार हातात घेऊन मुखपृष्ठांवर झळकू लागले, आणि मागणी अशी चढली की कारखान्यांना पुरवठा जमेना. पानाचा जुना साठा संपला. नवे लोक धंद्यात उतरले, त्यांच्याकडे जुनं पान नव्हतंच. मग कच्चं पान वळलं गेलं. ओढणाऱ्याची जीभ पोळली, डोकं धरलं, कित्येक सिगार तर जळतच नव्हते. १९९७ च्या सुमारास तो फुगा फुटला आणि कालची नवी नावं सवलतीच्या टोपल्यांत पडली. पैसा ओतून नवी जमीन घेता येते, नवे कारागीर शिकवता येतात. तीन वर्षांपूर्वीचं पान मात्र आज तयार करता येत नाही.

दुसरी घाई कायद्यामुळे झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ८ ऑगस्ट २०१६ पासून सिगारही आपल्या अधिकाराखाली घेतले आणि त्यानंतरच्या नव्या मालाला आधी मंजुरी लागेल असं ठरवलं. झालं, त्या तारखेच्या आत दुकानात माल दिसावा म्हणून कंपन्यांनी ढिगानं नवे सिगार काढले, काही तर नावापुरते. उंची सिगारांपुरता तो नियम न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द केला. पण २०१६ च्या उन्हाळ्यातले नवे सिगार आठवले की कळतं, तारीख कधीकधी पान बघून ठरत नाही, वकील ठरवतो.

आणि कधी निसर्ग ठरवतो. १९७९-८० मध्ये क्युबाच्या पिकावर निळी बुरशी पडली आणि पीक गेलं. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी इयान चक्रीवादळ थेट पिनार देल रिओवरून गेलं. पानं टांगायच्या हजारो लाकडी खोपी भुईसपाट झाल्या. साठवलेलं पानही भिजलं. असल्या आघाताची झळ त्याच वर्षी संपत नाही, कारण आज गेलेलं पान दोन-तीन वर्षांनी वळलं जाणार असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठचा ऊस पाण्याखाली गेला, तेव्हा पुढच्या हंगामात काय झालं ते आपण पाहिलं आहे. ऊस तरी वर्षाचा.

टंचाई आली की खोटा मालही येतो. मावसभाऊ एक खूण सांगतो: काचेच्या झाकणाच्या डब्यात कोहिबा विकायला दिसला की तो खोटा समजायचा, तसे डबे क्युबात भरतच नाहीत.

कोल्हापूरच्या हवेत

इथल्या दुकानात हा माल बहुधा मिळत नाही. येतो तो परदेशातल्या नातलगांच्या बॅगेतून. २०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्काशिवाय २५ सिगारांची मर्यादा होती, म्हणजे एक मोठा डबा.

खरी पंचाईत पुढे होते. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे जुलैत कपड्यांना बुरशी येते आणि मार्चमध्ये ओठ फुटतात. पावसाळ्यात गूळ पाघळतो, अगदी तसाच सिगार ओल पितो, फुगतो, त्यावर बुरशी चढते. उन्हाळ्यात वेष्टन तडकतं. म्हणून झाकण घट्ट बसणारी लाकडी पेटी आणि आत ओल सांभाळणारी पुडी ठेवतात. पेटीचं लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणून विकतात, पण ते झाड देवदाराच्या कुळातलं नाही, कडुलिंबाच्या कुळातलं आहे. वासही त्यामुळेच असावा, मला तो कडुलिंबाच्या जुन्या कपाटासारखा वाटतो.

सिगारचा दुसरा शत्रू एक बारीक तपकिरी भुंगेरा. तो सिगारला सुईएवढी भोकं पाडतो. हाच भुंगेरा आपल्या हळदीत, मिरचीत पडतो. आई मिरच्यांना कडक ऊन दाखवते. शौकीन सिगार काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे अंडी मरतात.

जे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही

ज्या उबेचं मी एवढं कौतुक केलं, तिची दुसरी बाजू आहे. पान वाळताना आणि गंजीत तापताना त्यात नायट्रोसमाइन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. चव आणि विष एकाच गंजीत मुरतं.

'आम्ही धूर छातीत घेत नाही' असं सिगार ओढणारे सांगतात, मावसभाऊही सांगतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो; त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. धूर गिळला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो, आणि छातीत घेतला तर फुप्फुसाचाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. महाग पान, जुनं पान, हातानं वळलेलं पान, यानं त्यात फरक पडत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. तो महिन्यातून एखादा ओढतो. मी म्हणतो तेवढाही नको.

आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं तंबाखूची जाहिरात बंद आहे, अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढण्याची बंदी कडक झाली. म्हणून परदेशासारखे नव्या सिगारचे समारंभ इथे होत नाहीत, आणि होऊ नयेत असंच मला वाटतं. वखारीत दिवसभर खकाणा अंगावर घेत तंबाखू चाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पदर नाकाला बांधलेला, भुवया पिवळ्या पडलेल्या. त्यांच्यातल्या कुणी शौक म्हणून तंबाखूला हात लावला नव्हता.

पण वाट पाहण्यातली ओढ मला कळते. मावसभाऊ वाट पाहतो ती धुराची थोडीच. कुणीतरी चार वर्षांपूर्वी एक पान राखून ठेवलं होतं, त्याचं त्यानं काय केलं, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. तालमीतला जुना पैलवान नव्या पोराची पहिली मोठी कुस्ती बघायला खासबागेत येऊन बसतो, त्यातलाच हा प्रकार.

परवा त्याचा फोन आला. दुबईतल्या दुकानदारानं सांगितलंय की डबे वर्षअखेरीस येतील, नक्की नाही. आले तरी तो लगेच उघडणार नाही. प्रवासात हललेला माल आणखी दोन महिने पेटीत ठेवायचा असं त्याचं ठरलेलं आहे. मी त्याला एकच काम सांगितलं. दुकानदाराला विचार, पान कुठल्या सालचं आहे. मामा दर फोनला विचारतोय.